गेस्ट वाय-फाय चालू केलं, तरी डीव्हीआर उघडतोच, असं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चिपळूणजवळचं घर, गणपतीत २५-३० माणसं, फायबरवाल्याने भिंतीवर ठोकलेला डबा आणि त्यापुढे तुम्ही विकत घेतलेला चांगला राउटर. राउटरच्या ॲपमध्ये गेस्ट नेटवर्क चालू केलं, पाहुण्यांना तेवढाच पासवर्ड दिला. मग इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याने त्याच गेस्टवर बसून ब्राउझरमध्ये सीसीटीव्हीच्या डीव्हीआरचा, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्राचा, आकडा (आयपी ॲड्रेस) टाकला आणि लॉगिनचं पान समोर आलं. ‘मग वेगळं काय झालं?’ असं तुम्ही विचारता.

भाच्याला आधी एक मोदक जास्त द्या. मी गेली अठरा वर्षं घरांत, दवाखान्यांत, सोसायट्यांत नेटवर्क बसवतोय. गेस्ट चालू करणारे भरपूर भेटतात, पण चालू केल्यावर ते खरंच वेगळं झालंय का हे तपासून बघणारा क्वचित भेटतो.

तुमच्या राउटरमध्ये बिघाड नाही. घोळ वायरींच्या क्रमात आहे. सीसीटीव्हीवाला आला तेव्हा घरात फक्त फायबरचा डबा होता, म्हणून त्याने डीव्हीआरची वायर त्या डब्यात खोचली. नंतर तुम्ही राउटर आणलात, त्याची वायरही त्याच डब्यातून घेतली. आता राउटरच्या नजरेने बघा. त्याला सांगितलंय की गेस्टवरच्या माणसाला ‘घरात’ सोडू नकोस, फक्त ‘बाहेर’ जाऊ दे. त्याचं घर म्हणजे त्याच्या स्वतःच्या पोर्टांना आणि वाय-फायला जोडलेल्या वस्तू. त्याच्या वॅन पोर्टापलीकडे, म्हणजे बाहेरची लाइन येते त्या भोकापलीकडे, जे काही आहे ते सगळं त्याच्या हिशेबी बाहेर, म्हणजे इंटरनेट. फायबरचा डबा त्या पलीकडे आहे आणि डीव्हीआरही तिथेच लटकलाय. राउटरने भाच्याला प्रामाणिकपणे बाहेर सोडलं, आणि बाहेर पाऊल टाकल्याबरोबर पहिला दरवाजा तुमच्या डीव्हीआरचा निघाला. जुन्या घरात सोपा बाहेर असतो, माजघर आत असतं. तुम्ही माजघराला कडी घातलीत, पण कपाट सोप्यातच राहिलं.

हा माझा अंदाज झाला, तो पक्का करून घ्या. गेस्टला जोडलेल्या फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये आयपी ॲड्रेस बघा. डीव्हीआरचा आकडा समजा १९२.१६८.१.१०८ आहे आणि फोनला मिळालेला आकडा १९२.१६८.०.काहीतरी किंवा १९२.१६८.६८.काहीतरी असा तिसऱ्या जागी वेगळा आहे, तर वर सांगितलं तेच झालंय. पण फोनचाही आकडा १९२.१६८.१.काहीतरी असाच आला, तर भानगड दुसरी. तुमचा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडमध्ये आहे, म्हणजे तो राउटरचं काम करतच नाही, फायबरच्या डब्याचं नेटवर्क फक्त लांबपर्यंत पोचवतो. या मोडमध्ये बऱ्याच घरगुती राउटरांचं गेस्ट म्हणजे नुसती नावाची दुसरी पाटी असते, आत खोली एकच. तसं असेल तर आधी तो राउटर मोडवर आणा.

नावाच्या पाटीचा हाच घोळ फायबरच्या डब्यातही असतो. बऱ्याच डब्यांत दोन-चार एसएसआयडी, म्हणजे वाय-फायची दोन-चार नावं, चालू करता येतात. लोक दुसरं नाव चालू करतात, त्याला ‘पाहुणे’ म्हणतात आणि निर्धास्त होतात. पण त्यासोबत ‘आयसोलेशन’ची, म्हणजे जोडलेल्यांना एकमेकांपासून वेगळं ठेवण्याची, खूण केलेली नसेल, तर दोन्ही नावांनी आलेली माणसं एकाच पंगतीत बसतात.

आता उपाय. सरळ मार्ग असा की फायबरच्या डब्याला ‘ब्रिज’ मोडवर टाकून घ्यायचं. मग तो फक्त प्रकाशाचा सिग्नल वायरीत उतरवतो, बाकी सगळा कारभार तुमचा राउटर करतो, आणि सगळ्या वायरी राउटरलाच येतात. घरात एकच कारभारी, त्यामुळे त्याचं गेस्ट नेटवर्क सांगितल्यासारखं चालतं. ब्रिजसाठी कंपनीकडून बहुधा पीपीपीओई (राउटरने कंपनीच्या लाइनवर लॉगिन करायची पद्धत) जोडणीचं नाव आणि पासवर्ड मागून घ्यावा लागतो. काही जण देतात. काही जण ‘आमच्याकडे तसं होत नाही’ म्हणून फोन ठेवतात. डब्यातूनच लँडलाइन निघत असेल तर ब्रिज केल्यावर ती बंद पडण्याची शक्यता असते, ते आधी विचारून घ्या.

तुमच्या जागी मी मात्र या फंदात चतुर्थीच्या तोंडावर पडणार नाही. लाइन बंद पडली आणि ऑपरेटरचा पोरगा गावी गेलेला असला, तर घरात २५ माणसं आणि नेट नाही. मी सोपा आणि फुकट उपाय करीन : क्रम उलटा करायचा. फायबरच्या डब्याचं वाय-फाय पाहुण्यांना द्यायचं आणि घरातलं सगळं, डीव्हीआरसकट, आपल्या राउटरच्या मागे न्यायचं. आत बसलेला बाहेर जाऊ शकतो, पण बाहेरचा आपणहून आत येऊ शकत नाही, हा राउटरचा मूळ स्वभावच आहे. त्यासाठी गेस्टचं बटणही लागत नाही.

करायचं काय, तर डीव्हीआरची वायर डब्यातून काढून राउटरच्या लॅन पोर्टात (घरच्या वस्तूंची वायर लागते त्या भोकात) घाला. इथे एक खोच आहे. सीसीटीव्हीवाले डीव्हीआरला आकडा कायमचा ठोकून देतात. राउटरच्या मागे गेल्यावर तिथल्या आकड्यांची मालिका वेगळी असते, जुना आकडा चालत नाही, आणि मोबाइलवरचं कॅमेऱ्यांचं ॲप ‘ऑफलाइन’ दाखवतं. डीव्हीआरच्या नेटवर्क मेन्यूत जाऊन डीएचसीपी (राउटरकडून आकडा आपोआप घेण्याची सोय) चालू करा किंवा राउटरच्या मालिकेतला नवा आकडा आणि गेटवे (राउटरचा स्वतःचा आकडा) द्या. ॲप क्लाउडवरून जोडलेलं असेल तर मग ते आपोआप परत चालू होतं. प्रिंटर, घरचा कॉम्प्युटर, कामाचा लॅपटॉप हेही राउटरच्या वाय-फायवर न्या. राउटर आणि डबा या दोघांची मालिका एकच, म्हणजे दोन्हीकडे १९२.१६८.१, असेल तर राउटर गोंधळतो. बरेच राउटर हे ओळखून स्वतःच बदलतात. तुमच्याने बदललं नसेल तर लॅन सेटिंगमध्ये तिसरा आकडा ५० करा. हे आकडे ब्राउझरमध्ये इंग्रजी अंकांतच टाकायचे, मी इथे मराठीत लिहिले म्हणून फसू नका. राउटरमध्ये ‘रिमोट मॅनेजमेंट’ (बाहेरून राउटरची सेटिंग उघडायची सोय) बंद आहे ना, तेही बघा. आयपीव्ही६चं (नव्या पद्धतीच्या आयपी ॲड्रेसचं) सेटिंग ‘पास-थ्रू’वर असेल तर ते बदला, नाहीतर तेवढ्या वाटेने आतल्या वस्तू बाहेरच्या अंगणात जाऊन उभ्या राहतात.

या रचनेत पाहुणे फायबरच्या डब्याच्या अगदी मांडीला मांडी लावून बसतात, म्हणून डब्याच्या ॲडमिन पानाचा पासवर्ड बदललाच पाहिजे. मागच्या स्टिकरवरचा किंवा ‘ॲडमिन-ॲडमिन’ ठेवलात, तर भाचा पुढच्या वर्षी तुमच्या वाय-फायचं नावच बदलून ठेवील. डब्यात आयसोलेशनची सोय असेल तर चालू करा, म्हणजे पाहुण्यांचे फोनही एकमेकांना दिसणार नाहीत. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटणाने किंवा पिनने जोडायची सोय, बंद करा. त्याची पिन आठ आकडी दिसते, पण ती दोन तुकड्यांत तपासली जाते, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत सापडते. हे २०११ पासून जगजाहीर आहे, तरी ते बटण अजून डब्यांवर दिसतं. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२-एईएस ठेवा. डब्यात डब्ल्यूपीए२ आणि ३ मिश्र असेल तर ते उत्तम. नुसतं डब्ल्यूपीए३ ठेवलंत तर आत्याच्या जुन्या फोनला नेटवर्क लागणार नाही आणि दुपारची झोप तुमची जाईल.

या रचनेची कमतरताही सांगतो. तुमचं सगळं येणं-जाणं पाहुण्यांच्या अंगणातून होतं. कोणी खरोखर जाणकार आणि वाईट हेतूचा माणूस तिथे बसला, तर वाटेत कान लावू शकतो. बँक आणि मेल स्वतःचं कुलूप घालूनच जातात, त्यामुळे घरच्या पाहुण्यांसाठी मी हे चालवून घेतो. पण तुम्ही दोन खोल्या होमस्टे म्हणून देणार असाल, अनोळखी माणसं आठवडाभर राहणार असतील, तर ब्रिज मोडच करा. दुसरं म्हणजे दोन राउटर एकामागे एक आल्याने मुलांचे काही ऑनलाइन गेम कुरकुरतात. व्हिडिओ कॉलला काही होत नाही.

आता एक युक्ती, जी मला पहिल्या पाच-सात वर्षांत सुचली नव्हती. तुमचा आत्ताचा पासवर्ड आधीच सगळ्या भावकीच्या फोनमध्ये आहे. अँड्रॉइड १० पासून जोडलेल्या वाय-फायचा क्यूआर कोड कोणालाही दाखवता येतो, त्यामुळे ‘मी फक्त दोघांनाच सांगितलं होतं’ याला अर्थ उरत नाही. तेव्हा पाहुण्यांसाठी नवं नाव काढून दारोदार सांगत फिरू नका. जुनं नाव आणि जुना पासवर्ड तसाच उचलून पाहुण्यांच्या नेटवर्कला द्या, आणि घरासाठी नवं नाव, नवा पासवर्ड ठेवा. सगळ्या पाहुण्यांचे फोन आल्याआल्या आपोआप योग्य जागी बसतात, कोणाला काही कळतही नाही. नवा पासवर्ड टाकावा लागतो फक्त घरच्या चार-सहा वस्तूंना. त्या फोनांवर जुनं नेटवर्क ‘फर्गेट’ करायला विसरू नका, नाहीतर ते सवयीने सोप्यातच जाऊन बसतील. सण उरकला की मग पाहुण्यांचा पासवर्ड बदला.

काही जण विचारतात, नको त्या फोनला ब्लॉक करून टाकलं तर? अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला आपला वेगळा, बनावट मॅक पत्ता (फोन ओळखण्याचा क्रमांक) दाखवतात. ब्लॉक केलेला फोन पत्ता बदलून परत येऊ शकतो. नाव लपवून ठेवणंही तसंच. त्याने चोर अडत नाही, आजोबा अडतात.

नवा पासवर्ड ठरवताना मराठी घरातली एक खास अडचण. तो किमान ८ आणि जास्तीत जास्त ६३ अक्षरांचा, आणि रोमन लिपीतच असावा लागतो. ‘आंबा’ ठेवलात की काका एक ए टाकतात, भाची दोन टाकते, आजी शेवटीही दोन टाकते, आणि तिघंही ‘तुमचं नेट चालत नाही’ म्हणतात. ज्यांचं स्पेलिंग एकाच प्रकारे होतं असे शब्द घ्या : मोदक, नारळ यांतला मोदक चालेल, नारळ नाही. सगळी अक्षरं छोट्या लिपीत ठेवा. शून्य आणि एक हे आकडे टाळा, कारण ते ओ आणि एलसारखे दिसतात. नेटवर्कचं नाव मात्र बऱ्याच डब्यांत देवनागरीत देता येतं. मर्यादा ३२ बाइटची, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्रा-वेलांटीही वेगळी मोजून. म्हणजे दहा चिन्हं. ‘पाहुणे’ १८ बाइटांत बसतं. ‘गणपती बाप्पा मोरया’ ५० होतात, बसत नाही. मी एका घरी अर्धा तास याच्यावर घालवलाय.

क्यूआर कोड छापून सोप्यात लावा, देवघरात नको, तिथे गर्दी होते. हल्लीचे बहुतेक फोन नुसत्या कॅमेऱ्याने तो ओळखतात. आयफोनला हे २०१७ पासून येतं.

वेगाकडे वळू, कारण सणात भांडणं खरी त्यावरून होतात. लोकांना वाटतं पोरांच्या यूट्यूबने नेट मरतं. एचडी व्हिडिओला ५ एमबीपीएसच्या आसपास पुरतात. १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर दहा पोरं एका वेळी बघत बसली तरी तुम्हाला कळणार नाही. मारतो तो अपलोड. फोनला वाय-फाय मिळालं की तो ‘आता फुकट आहे’ असं समजून दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ क्लाउडवर चढवायला लागतो. आगमनाचा, आरतीचा, पुन्हा दुसऱ्या कोनातून आरतीचा, असे २५ फोनांचे व्हिडिओ एकदम वर निघाले की वरची वाट तुंबते आणि तुमच्या ऑफिसच्या कॉलवर तुमचा आवाज तुटतो. डाउनलोडचा वेग मोजलात तर झकास दिसतो, म्हणून कोणाला कारण सापडत नाही.

याला उपाय म्हणजे पाहुण्यांच्या नेटवर्कवर वेगाची मर्यादा, आणि ती अपलोडवर जास्त कडक. अडचण अशी की फायबरच्या साध्या डब्यात ही सोय बहुधा नसते. म्हणून माळ्यावर जुना राउटर पडलाय का बघा. तो खाली उतरवा, फॅक्टरी रीसेट करा, त्याचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) शेवटच्या उपलब्ध आवृत्तीवर न्या, आणि डब्यापासून दोन फांद्या करा : एकीला घरचा राउटर, दुसरीला पाहुण्यांचा जुना राउटर. डब्याचं स्वतःचं वाय-फाय बंद. जुन्या राउटरमध्ये ‘बँडविड्थ कंट्रोल’ असेल तर डाउनलोड ४०, अपलोड १० एमबीपीएस असं काहीतरी टाका आणि दोन दिवस बघून बदला. दोन्ही राउटरांचं २.४ गिगाहर्ट्झचं चॅनेल वेगळं ठेवा, १, ६, ११ यांपैकी. जांभ्याच्या जाड भिंती असतील तर ५ गिगाहर्ट्झ दुसऱ्या खोलीत जाताना दम टाकतं. पाहुण्यांचा राउटर सोप्याच्या बाजूला असू द्या, आणि दोघांना एका कपाटावर शेजारी-शेजारी ठेवू नका. इतक्या माणसांत आणखी एक गोष्ट अडते : काही डब्यांत एका नावाला किती फोन जोडावेत याचा आकडा सेटिंगमध्ये असतो, ३२ सारखा. तेहेतिसावा फोन फिरत राहतो आणि सगळे पासवर्डला शिव्या देतात. तो आकडा आधीच बघून ठेवा.

टीव्हीचं काय करायचं, हा नेहमीचा प्रश्न. टीव्ही घरच्या नेटवर्कवर ठेवलात तर पाहुण्यांना आपल्या फोनवरचे लग्नाचे फोटो त्यावर टाकता येणार नाहीत. पाहुण्यांच्या नेटवर्कवर ठेवलात आणि आयसोलेशन बंद केलंत तर कोणालाही टाकता येतील, अगदी कोणालाही. एका घरी आरती ‘घालीन लोटांगण’वर पोचली असताना देवघराशेजारच्या टीव्हीवर एकदम कार्टून सुरू झालं. आतल्या खोलीतल्या सहा वर्षांच्या पोराने फोनवर चुकून ते बटण दाबलं होतं. मी टीव्ही घरच्या बाजूला ठेवायच्या मताचा आहे, फोटो दाखवायला पेन ड्राइव्ह अजून जिवंत आहेत. स्मार्ट बल्ब, स्मार्ट प्लग असल्या स्वस्त वस्तू मात्र खुशाल पाहुण्यांच्या बाजूला टाका. त्यांना इंटरनेट पुरतं, तुमच्या कॉम्प्युटरशी त्यांचं काही काम नसतं. मात्र मग पासवर्ड बदलला की त्यांनाही नव्याने जोडावं लागतं, हे ध्यानात ठेवा.

एक गैरसमज मोडतो. नेटवर्क वेगळं केलं म्हणून पाहुण्याने नेटवर जे केलं त्याची जबाबदारी वेगळी होत नाही. बाहेरच्या जगाला दोन्ही नेटवर्कांतून जाणारं सगळं एकाच पत्त्यावरून, तुमच्या कनेक्शनवरून आलेलं दिसतं. २६ जुलै २००८ च्या अहमदाबाद स्फोटांच्या काही मिनिटं आधी धमकीचा जो ईमेल गेला, त्याचा माग नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटपर्यंत आला. तिथे राहणाऱ्या अमेरिकन माणसाचं वाय-फाय सुरक्षित नव्हतं, आणि ते दुसऱ्याच कोणी वापरलं होतं. चौकशीला तोंड त्याला द्यावं लागलं. तेव्हा पाहुण्यांचं नेटवर्क बिनपासवर्डाचं कधीच ठेवू नका, आणि विसर्जनानंतर पासवर्ड बदला हे वर म्हटलं ते एवढ्यासाठीच.

सगळं झाल्यावर भाच्याने केलं तेच तुम्ही करा. फोन पाहुण्यांच्या वाय-फायवर, मोबाइल डेटा बंद, आणि ब्राउझरमध्ये डीव्हीआरचा नवा आकडा, प्रिंटरचा आकडा, घरच्या राउटरचा आकडा एकेक टाकून बघा. पान गोल फिरत राहिलं आणि शेवटी उघडलं नाही की काम झालं. फायबरच्या डब्याचं लॉगिन पान या रचनेत उघडू शकतं, ते अपेक्षित आहे, म्हणून तर त्याचा पासवर्ड बदलला.

डीव्हीआरबद्दल शेवटचं. तो पाहुण्यांपासून लपला तरी इंटरनेटपासून लपलेला असेलच असं नाही. सीसीटीव्हीवाले पूर्वी सर्रास ‘पोर्ट फॉरवर्ड’ करून ठेवायचे, म्हणजे जगातल्या कोणालाही त्याचं दार वाजवता यायचं. २०१६ साली मिराय नावाच्या व्हायरसने अशाच कॅमेऱ्यांत आणि डीव्हीआरांत कारखान्यातले पासवर्ड वापरून शिरकाव केला, आणि त्यांच्या जोरावर २१ ऑक्टोबरला अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या. फायबरच्या डब्यात पोर्ट फॉरवर्ड आणि डीएमझेड (एखादी वस्तू थेट इंटरनेटसमोर उघडी ठेवणारं सेटिंग) ही दोन पानं उघडून तिथे काही नोंद असेल तर काढून टाका, आणि डीव्हीआरचा ‘१२३४५६’ बदला. त्याआधी सीसीटीव्हीवाल्याला फोन करून आत्ताचा पासवर्ड विचारून ठेवा. तो बहुतेक वेळा त्याच्याच डायरीत असतो, आणि चतुर्थीच्या आठवड्यात तो फोन उचलत नाही.